पऱ्हाट्यांचं शिल्प

कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. आमच्या खानदेशात त्यांचं नशीब ठरलेलं, चुलीत जायचं नाहीतर भरिताची वांगी भाजायची. मी मात्र अमळनेरजवळच्या अक्काच्या शेतातून त्या जळगावला नेल्या आणि सुतळीने बांधत बांधत पुरुषभर उंच, एका अंगाला कललेला आकार उभा केला. अक्का माझी थोरली बहीण.

प्रदर्शनात लोक त्याच्याजवळ सेल्फी काढत आणि पुढे जात. 'हे नेमकं काय आहे?' याचं उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलं. शेवटी शेवटी मी 'काड्या आहेत' एवढंच सांगू लागलो. खरं सांगतो, मी थकलो होतो. असल्या वस्तू करण्यात उमर गेली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. हे शेवटचं, असं ठरवलं आणि शिल्प टेम्पोत घालून अक्काच्या खळ्यात पत्र्याखाली आणून ठेवलं.

अक्काने कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हाई काय शे? कोंबड्यासनं खुराडं?"

मला हसूही आलं नाही.

महिनाभराने तिच्याकडे भरिताचा बेत ठरला. गोतावळा जमला, हिरवी मोठाली वांगी आली. पण आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता, बांधावरच्या पऱ्हाट्या ओल्याचिंब. कोरडं जळण एकच, पत्र्याखालचं. सगळ्यांच्या नजरा तिकडे, पण बोलायची हिंमत कुणाला होईना.

"जाळून टाका," मीच म्हणालो. "एकदाची ब्याद जाऊ दे." सुतळी कापायला मी विळा मागितला.

विळा अक्काच्या हातात होता. तिने तो दिला नाही.

"पेरतस, निंदतस, येचतस, आन मंग दरसाल चुल्हामा घालतस," ती म्हणाली. "एक साल उभ्या ऱ्हाऊ दे."

आणि तिने गॅस पेटवला. गॅसवरच्या भरिताला जन्मभर नावं ठेवणाऱ्या अक्काने त्या दिवशी स्वतः गॅसवर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत कुटली आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. मला चव कळलीच नाही. माझं सगळं लक्ष पत्र्याखालच्या त्या काड्यांकडे होतं. निघताना मात्र तिला सांगून आलो, बांधावरच्या पऱ्हाट्या वाळल्या की सगळ्या जाळू नकोस, थोड्या माझ्यासाठी ठेव.