शेवट साहेब बघतील

आमच्या ड्रमरला सगळे साहेब म्हणत. साहेब आयुष्यात कुणाचेच साहेब नव्हते. मोटारी-स्कूटरच्या सीटांना कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान होतं, आणि तिथेसुद्धा शब्द चालायचा तो वहिनींचा. पण ड्रममागे बसले की चेहरा असा करायचे, जणू आम्ही बाकीचे तिघे रजेचा अर्ज घेऊन समोर उभे आहोत.

बाकीचे तिघे म्हणजे गिटारवर औषधवाला, बेस गिटारवर मी आणि गाणारी ताई. औषधवाल्याचं औषधांचं दुकान होतं. ताई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर लोकांना 'थांबा, जोडून देते' म्हणायचं आणि शनिवार-रविवार संध्याकाळी बारमध्ये गायचं, असं तिचं वीसेक वर्षं चाललं होतं. या वीसेक वर्षांत असा एकही आठवडा आठवत नाही, की मी साहेबांवर वैतागलो नाही. ते गेल्यावर वैताग उतरेल असं वाटलं होतं. तो वाढला.

सगळं भांडण गाण्यांच्या शेवटांवरून. साहेबांनी एकाही गाण्याचा शेवट कधी ठरू दिला नाही. तालीम रविवारी सकाळी त्यांच्याच दुकानात, फोमच्या थप्प्या आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये. मी दर वेळी विषय काढायचो.

"साहेब, शेवटचं कडवं झालं की चार फेऱ्या वाजवू आणि थांबू. इतकं सोपं आहे."

"आधीच ठरवून कसं चालेल? समोरची माणसं बघायला नकोत?"

"माणसांचा काय संबंध?"

"त्यांचं पोट भरलं की आपण थांबायचं. अजून भुकेली असतील तर वाढायचं."

हे ऐकायला फार सुंदर वाटतं. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या टेबलावर जेवण आलं की साहेब गाणं थांबवायचे. नवरा-बायकोची धुसफूस सुरू झाली की लांबवायचे, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू येऊ नये. सिगारेटची तल्लफ आली की थांबवायचे. औषधवाला सोलो वाजवायला लागला आणि त्याने डोळे मिटले, की हमखास थांबवायचे. बिचारा डोळे उघडायचा तेव्हा टाळ्या संपत आलेल्या असायच्या.

थांबायची खूण एकच. सुईत दोरा ओवताना करतात तशी साहेब मान मागे घ्यायचे आणि हनुवटी गळ्याशी टेकवायचे. ती टेकली की दोन फेऱ्यांत गाणं खलास. ही हनुवटी चुकू नये म्हणून आम्ही तिघेही कायम त्यांच्याकडे तोंड करून उभे. ताईसुद्धा माइक तिरका धरून, मान मागे वळवून गायची. गिऱ्हाइकांनी वीस वर्षं मुख्यतः आमच्या पाठी पाहिल्या. काही नवखे लोक याला आमची शैली समजायचे.

साहेब गेले ते दुकानातच, दुपारी, एका स्कूटरची सीट शिवताना. झटका मोठा होता. स्कूटरवाला भेटायला आला तेव्हा वहिनींजवळ बराच वेळ मान खाली घालून बसला आणि मग हळूच म्हणाला, "सीट आहे तशीच नेऊ का?" वहिनींनी डोळे पुसले आणि उरलेली शिवण स्वतः घालून दिली.

महिना उलटल्यावर बारच्या मालकाने आम्हाला बोलावलं. काउंटरवर मोठ्या पडद्याच्या टीव्हीचं खोकं ठेवलेलं होतं.

"साहेबांचं वाईट झालं," मालक म्हणाला. "पण मला धंदा बघायचा आहे. येत्या रविवारी वाजवून दाखवा. जमलं तर तुम्ही, नाहीतर हा. लोकांना सामने बघायचे असतात."

औषधवाल्याला आणि मला काही फार फरक पडणार नव्हता. आमच्या घरच्यांनी पेढे वाटले असते इतकंच. ताईचं तसं नव्हतं. पन्नाशीची, गुडघे दुखणारी, मोजकीच गाणी येणारी गायिका दुसरा कोणता बँड ठेवून घेणार होता? बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे गेलं तर मी फक्त फोन जोडत बसेन रे." आणि चालायला लागली.

नवा ड्रमर आम्ही पोलीस बँडमधून निवृत्त झालेला गाठला. त्याचं नाव आम्ही कवायती ठेवलं, अर्थात त्याच्यामागे. माणूस घड्याळासारखा. वहिनींनी दुकानाची किल्ली दिली आणि तालीम सुरू झाली. पहिलं गाणं बरंच लांबलं तेव्हा त्याने काठ्या आडव्या धरल्या.

"याचा शेवट कुठे आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ते साहेब बघायचे," ताई म्हणाली.

"काय बघायचे?"

"माणसं."

"इथे माणसं नाहीत."

"म्हणून तर तालमीत कधी शेवट नसायचा. चहा यायचा," औषधवाल्याने खुलासा केला.

कवायतीने जन्मात असा बँड पाहिला नव्हता, आणि त्याने तसं तोंडावर सांगितलं. मला मात्र, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या बाजूचा भेटला होता. आम्ही दोघांनी एकेका गाण्याचा शेवट पक्का केला, सगळ्यांकडून घोटून घेतला. शनिवारपर्यंत औषधवालाही डोळे उघडे ठेवून वाजवायला शिकला.

रविवारी बार अर्धा भरलेला. वहिनी पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या, ताईच्या आग्रहाखातर. लिंबू सरबत समोर ठेवून पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. पहिलं गाणं सुरेख चाललं. शेवटचं कडवं झालं, ठरल्याप्रमाणे चार फेऱ्या झाल्या, कवायतीने झांज वाजवून हातात धरली आणि थांबला. आम्ही तिघे थांबलो नाही. सवयीने त्याच्याकडे बघत होतो आणि त्याने हनुवटी गळ्याशी नेलीच नव्हती. तो बिचारा गोंधळला आणि पुन्हा वाजवायला लागला. तेवढ्यात मला शेवट आठवला, म्हणून मी थांबलो. मग औषधवाला थांबला, मग मी पुन्हा सुरू झालो. गाणं भिजलेल्या फटाक्यासारखं फुसफुसत विझलं. माझाच शेवट, मीच बसवलेला. माणूस जाऊन महिना झाला तरी आम्हाला सुखाने थांबू देत नव्हता.

दुसऱ्या गाण्यालाही तीच गत. मालक खोक्याची दोरी सोडायला लागला.

मधल्या वेळात ताई पाणी प्यायला वहिनींच्या टेबलाशी गेली.

"यांचं घरीही असंच," वहिनी म्हणाल्या. "माझं बोलणं निम्म्यावर असताना उठून जायचे. विचारलं तर म्हणायचे, तुझं सांगून झालं होतं."

"झालेलं असायचं?"

वहिनींनी विचार केला. "बऱ्याचदा."

ताई परत आली ती सरळ माइकचा खांब उचलून पुढे, टेबलांच्या अगदी तोंडाशी घेऊन गेली. आमच्याकडे पाठ. तिसरं गाणं तिने लोकांची तोंडं बघत म्हटलं. कोपऱ्यातला एक गृहस्थ ग्लास खाली ठेवून ऐकत होता, तर तिने एक कडवं दुसऱ्यांदा घेतलं. मग एका टेबलावर बिल आलं, खुर्च्या सरकल्या, आणि तिने पाठीमागे हात उंच केला. औषधवाला नेमका सोलोच्या मध्यावर होता. आम्ही तिघेही त्या हाताकडे बघत होतो, त्यामुळे चौघेही एका दमात थांबलो. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

मालक जवळ आला. "शनिवारी सहाला या."

"साडेसहाला. माझी ड्यूटी असते," ताई म्हणाली.

"बरं. पण पडदा आणला आहे तो लावणार मी."

"लावा. आमच्या मागे लावा आणि त्याचा आवाज बंद ठेवा."

असं सगळं मिटलं. कवायतीने पक्के केलेले शेवट कुणी विचारत नाही. तो आता माझ्यासारखाच वैतागलेला असतो, आणि आमची बरी मैत्री झाली आहे. ताई समोरच्या चेहऱ्यांवरून गाणं कुठे थांबवायचं ते ठरवते. समोरचे सगळे तिच्या डोक्यावरून पडद्यावरचा सामना बघत असतात. त्यामुळे आमच्या गाण्यांचे शेवट हल्ली कुठल्यातरी लांबच्या मैदानावर ठरतात. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. परवा कुणीतरी जिंकलं तेव्हा अख्खा बार उभा राहिला आणि तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला.