पपईला लागलेलं नख

पपई हातात घेतली की शेजारची बाई आधी बोटाच्या पेराने टकटक वाजवायची, कानाशी नेऊन ऐकायची आणि मग अंगठ्याचं नख सालीत रोवायची. पांढरा चीक वर आला की खूश. नाही आला की ती पपई खाली आणि दुसरी हातात. अशी तिघींना नखं लावून ती एक घ्यायची. उरलेल्या दोघींच्या अंगावरचे व्रण सांभाळत मी दिवसभर बसायचो.

"बाई, ह्या दोन आता कोण घेईन?"

"आधी चाखा, मंग भांडा," ती म्हणायची.

हे तिचं उत्तर कशालाही चालायचं. मोहाडीच्या आठवडी बाजारात माझ्या भाजीच्या दुकानाला लागून ती वाळलेले झिंगे आणि सुकी मासळी घेऊन बसायची. झिंगे महाग आहेत म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला तेच ऐकवायची आणि तिची टोपली माझ्या ताडपत्रीवर हातभर आत आली आहे, असं मी ओरडलो की मलाही. चाखायचं काय, ताडपत्री? टोपली मात्र कधी मागे सरकली नाही.

मी वरठीला स्टेशनबाहेर सायकलला टोपली बांधून धंदा सुरू केलेला माणूस. बाजारातली एकेक वीत मी भांडून मिळवली आहे. माझा तो हातभर तुकडा न भांडता खाणारी बाई ही एकटीच. तेव्हा माझा राग जुना आहे, हे वाचणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

दिवाळीनंतर तिने अचानक कच्च्या पपया मागायला सुरुवात केली. आमच्याकडे कच्ची पपई भाजीला कोणी घेतलीच तर एखादी. ही दर बाजाराला घ्यायची.

"काहून वो बाई, पपयांचं लोणचं घालून राहिली का?"

"जावई येऊन राहिला."

तिची पोरगी नागपुरात हॉटेलचं शिकली आणि नोकरीला बँकॉकला गेली. तिथल्याच एका आचाऱ्याशी लग्न केलं. बाई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस बोलली, आणि कळलं की दोघं चैत्रात येणार. आता जावई पहिल्यांदा सासरी जेवणार आणि पाटावरून अर्धपोटी उठला तर तिचा मोहल्ला ते वर्षभर चघळणार. "लग्न तं पाहाले भेटलं नाही," ती म्हणाली, "जेवण तरी नीट झालं पायजे." तिकडे घरोघरी कच्च्या पपईचं एक सॅलड करतात, ते जावयाच्या फार आवडीचं. पोरगी फोनवर कृती सांगायची आणि ही बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक पांगलं की, टोपलीमागे बसून सराव करायची. चाखायला मी.

पहिल्या खेपेला तिने पपई किसणीवर किसली. मिरची, लसूण, गूळ, चिंच, लिंबू घालून खलबत्त्यात कुटली. जे तयार झालं ते पाडव्याच्या आधी भिंत सारवायला चाललं असतं.

"पोरगी म्हणते, हातावर पपई धरून सुरीनं चिरे मारायचे, मंग वरून तासायचं. काडी काडी पायजे."

पुढच्या खेपेला काड्या झाल्या. एक तर खलबत्त्याएवढी लांब होती. तिसऱ्या खेपेला तिला माशाचं खारं पाणी हवं होतं. तिकडे ते बाटलीत मिळतं. हिने सुकी मासळी रात्रभर भिजवली आणि ते पाणी ओतलं. मी पहिला घास तोंडात घेतला आणि समोरचा कांदेवाला उठून वारा येतो त्या बाजूला जाऊन बसला.

"बाई, जावयाशी तुमचं काही वैर हाय का?"

"आधी चाखा, मंग भांडा."

"चाखूनच भांडून राहिलो जी!"

ती हसली नाही. खलबत्ता पुसत म्हणाली, "त्याले आपली बोली येत नाही, मले त्याची येत नाही. घरात आल्यावर त्याले काय म्हणू मी? बस म्हणू, जेव म्हणू, आणि हे पुढं ठेवू. दुसरं काय हाय माह्याजवळ?"

त्यानंतर मी नखांबद्दल ओरडायचो, पण जरा हळू.

होळीपर्यंत सॅलड मार्गाला लागलं. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, कोवळ्या शेंगा, टमाटर, भाजलेले शेंगदाणे आणि तिचेच झिंगे. कुटायचं ते चेचायला नाही, नुसतं रस आत जाईल इतपत, हे तिच्या हाताला कळलं. आंबट, गोड, खारट, तिखट यांतलं एक दर खेपेला पुढे धावायचं; चारही एका रांगेत अजून यायची होती. "आता चारही जावयाच्याच पानात येतीन," ती म्हणाली. त्या दिवसासाठी मी शेतकऱ्याला सांगून चार कच्च्या पपया झाडावर थांबवून ठेवल्या आणि दोन गिऱ्हाइकांना नाही म्हटलं. मी, नाही म्हटलं!

पाहुणे आल्याच्या दुसऱ्या सकाळी ती माझ्या दारात आली. मी आदल्या दिवशी पोचवलेल्या चारही पपया तशाच परत.

"ह्या घरात नाही पायजे."

माझं डोकं फिरलं. चार महिने माझ्या मालाला नखं लावली, मासळीचं पाणी पाजलं, आणि आता नाही पायजे? मी जे बोललो त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही. तिने पपया एकेक करून खाली ठेवल्या. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाली, "पोरगी पोटुशी हाय. सांगितलं नव्हतं. काल उतरल्यावर समजलं."

आमच्याकडे गर्भार बाईच्या घरात कच्ची पपई कापतसुद्धा नाहीत. पोरगी म्हणत होती, आई, तिकडे असं काही मानत नाहीत. बाई म्हणाली, तिकडं मानत नसतीन, इथं मी मानते.

"मंग जावयाले काय देता?"

"तेच तं विचाराले आली."

मी पपयांकडे पाहिलं. मग म्हटलं, "कैऱ्या चालतीन का?"

तिने तिथूनच पोरीला फोन लावला. तिकडे हिरव्या आंब्याचंही असंच सॅलड करतात, पोरगी म्हणाली. मी घरामागच्या झाडाच्या सात-आठ कडक कैऱ्या काढून दिल्या. तिने वाजवल्या नाहीत, नख लावलं नाही. भावही केला नाही. जो सांगितला तो देऊन गेली. मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

पुढच्या बाजाराला ती आली ती टोपली माझ्या ताडपत्रीवर दोन हात आत ठेवूनच.

"जेवला का जावई?"

"तीनदा वाढलं. आणखी मिरची मागत होता." तिच्या हातचं तिखट कमी पडलेला माणूस मोहाडी तालुक्यात आजवर सापडला नव्हता. "मोहल्ल्यातल्या बायका दारातून पाहूनच राहिल्या. काय बोलतीन?"

"मले घासभर ठेवलं का?"

तिने टोपलीतले झिंगे सारखे केले. "उरलंच नाही जी."

बिघडलेलं सगळं मी खाल्लं, आणि जमलं त्या दिवशी माझ्यासाठी घासभरही नाही. ही माझी खरी तक्रार आहे आणि मी ती सोडणार नाही.

पावसाळ्यात ती पोरीच्या बाळंतपणाला बँकॉकला गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली. नात झाली, नातीला दात आले, बाई अजून तिकडेच आहे. माझ्या पपया आता स्वच्छ असतात, एकीवरही व्रण नाही. ताडपत्री पूर्ण माझी आहे. मधे एक मिरचीवाला तिच्या जागेवर बसायला आला, तर मी त्याच्याशी असा भांडलो की तो थेट बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. जागा रिकामी आहे, एवढंच.

परवा भर बाजारात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडचा बाजार, मागे हिरव्या पपयांचा ढीग. पोरगी फोन धरून हसत होती. बाईने एक पपई उचलली, वाजवली, कानाशी नेली आणि काही कळायच्या आत नख रोवलं. दुकानदारीण उठून उभी राहिली आणि हातवारे करत तिच्यावर तुटून पडली. मला त्या भाषेतलं ओ की ठो येत नाही, पण शब्द न् शब्द कळला. "बरोबर हाय तिचं!" मी फोनमध्ये ओरडलो.

बाईने इकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरी पपई उचलत त्या दुकानदारणीला म्हणाली, "आधी चाख बाई, मंग भांड."