प्लाझ्माची काच

आमच्या शेजारचे एसटी ड्रायव्हर निवृत्त झाले, पण मागचं बघायची सवय काही सुटली नाही. आमच्याकडं चहाला आले तरी कपाटाच्या आरशासमोरची जागा धरायचे. दारात कोण आलं, हे आमच्याआधी त्यांना कळायचं.

मोठा टीव्ही घ्यायचा ठरल्यावर त्यांनी मला भोरच्या पेठेत सोबत नेलं. दुकानात प्लाझ्मा आणि एलसीडी शेजारी शेजारी लावले होते.

"एलसीडीच घ्या," मी म्हणालो. "प्लाझ्माची काच चकाकते. चित्रावर तुमची खिडकी, खाट, सगळं दिसत राहील."

दुकानदारानंही मान डोलावली. ते मात्र माझ्याकडं पाठ करून प्लाझ्मासमोर बसले. "जरा हात हलवा बरं."

मी हलवला.

"ह्योच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. माणूस हट्टी आहे, असं मी मनाशी म्हणालो.

पुढं एकदा दुपारी त्यांच्या घरी गेलो. काकींना लकवा झालेला, वाचाही गेलेली. त्यांची खाट खिडकीपाशी, आणि खाटेकडं पाठ करून यांची खुर्ची. मालिका चालू होती. मधेच काकींचा बरा हात किंचित वर झाला. मागं न बघताच हे उठले आणि पाण्याचं भांडं घेऊन खाटेपाशी गेले.

मला सोडायला ते अंगणापर्यंत आले.

"तोंडाकडं बगत बसलं की तिला लई अवघडतं," ते हळूच म्हणाले. "आता तिला वाटतं, मी मालिकाच बगतोय. तुमी काय बोलू नका."