दोन दारांना बारा दिवस

आष्ट्यात ट्रकच्या गाद्या आन् दारांची अस्तरं शिवणारा मी एकटाच. बादशहा म्हणत्यात मला. नावाचा बादशहा, सगळा जन्म रेग्झिन कापण्यात गेला. माझं तोंड वाईट हाय, हे आधीच सांगतो. गिऱ्हाईक उरावर येऊन बसलं की माझं डोस्कं फिरतं. कडेगावच्या लालासाहेबाला मी बारा दिस कसा सोसला, ह्येचं माझ्या बायकोला, अख्तरबीला, आजून नवल वाटतं.

एकाहत्तर सालचा डिसेंबर. लढाई लागून दोन-तीन दिस झालेलं. लालासाहेब जुना ट्रक घेऊन माझ्या दारात आला. पलटणीत ड्रायव्हर हुता, पेन्शनीत आलेला, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. ट्रक मिलिटरीच्या लिलावातला. दोन्ही दारांच्या आतल्या अंगाचं प्लास्टिक उन्हानं तडकलेलं, कोपर टेकून टेकून झिजलेलं, आन् मागचा पुठ्ठा पाण्यानं फुगलेला. मी म्हटलं, फेकून देऊ, नवं घालू. त्यो म्हणाला, न्हाई, हाय तेच नीट करा. दोन दिसांचं काम.

मला तवाच कोडं पडलं हुतं. ऐन हंगाम, कारखान्याफुडं उसाच्या गाड्यांची रांग, एकेक खेप सोन्याची. आन् हा शहाणा दारांची अस्तरं करत बसलाय. पण मी कशाला इचारू? मी स्क्रू काढले, सोड्याच्या पाण्यानं प्लास्टिक धुतलं, फुगलेला पुठ्ठा कापून नवा घातला, तडकलेल्या जागी आतनं कापड चिकटवलं, कोपराच्या जागेला नवा तुकडा जोडला. लालासाहेब समोर दगडावर बसून. बाजूच्या हाटेलात रेडिओवर बातम्या लागल्या की उठायचा आन् ट्रकच्या पल्याड जाऊन उभा राहायचा. रात्री केबिनमधीच झोपायचा.

तिसऱ्या दिशी म्हणाला, टाके वाकडं आल्यात. माझे टाके! मी दातओठ खाल्ले, पण उसवून परत घातले. मग म्हणाला, जोडाचा रंग मिळत न्हाई. मग म्हणाला, खालची पट्टी ढिली वाटती. पाचव्या दिशी मी कात्री आपटली आन् त्येला इचारलं, हा ट्रक हाय का नवरदेवाची गाडी? चाव्या घ्या, चालू पडा.

तेवढ्यात पोस्टमन सायकलवरनं आला. त्येला बाजूच्या दुकानात जायचं हुतं. पण लालासाहेबाचं तोंड असं उतरलं, जसं अंगातलं रगात कुणी काढून घेतलंय. त्येनं ट्रकचं उघडं दार दोन्ही हातांनी धरलं, आन् पोस्टमन गेला तरी सोडंना.

मग सांगितलं त्येनं. पोरगा मानसिंग, एकुलता एक, पंजाबच्या हद्दीवर हुता. बासष्टच्या लढाईत धाकटा भाऊ गेल्याची तार आली तवा लालासाहेब सुट्टीवर घरी हुता. पोस्टमनच्या हातनं तार त्येनंच घेतली, त्येनंच वाचली, आन् चुलीफुडं बसलेल्या आईला त्येनंच सांगितली.

"बादशाभाई, ते परत माझ्यानं हुयाचं न्हाई. मी घरी असलो तर तार माझ्याच हातात येणार." एवढंच बोलला. बायकोला सांगून आलेला, उसाच्या खेपा चालू हायत, आठ-पंधरा दिस यायचं न्हाई.

मला लय वाईट वाटलं. कसायाला बी पाझर फुटला असता, मी तर नुसता तोंडाचा कडू. त्या दिसापासनं मी त्येच्यावर काई खोट काढायची पाळीच येऊ दिली न्हाई. मीच अस्तरं उतरवायचो, मीच म्हणायचो, ही कडा काई जमली न्हाई, उसवू या. चांगलंचुंगलं काम आपल्या हातानं उसवलं. मनात मोठा आनंद, की बघा, बादशहा किती दिलदार हाय.

अख्तरबीनं इचारलं, हात बिघडला का तुमचा? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आन् त्येची बायको? तिच्याजवळ कोण हाय?" मी म्हटलं, तू गप बस, तुला त्यातलं काय कळतं.

बाराव्या दिशी सकाळी हाटेलात साखर वाटली. आपण जिंकलो. लालासाहेब त्या दिशी पयल्यांदा रेडिओफुडं जाऊन बसला. येऊन म्हणाला, बसवा अस्तरं, निघतो आता. हसला बी. मी एका दाराचं अस्तर बसवलं, दुसरं हातात घेतलं, आन् यष्टीतनं उतरून एक बाई तरातरा येताना दिसली. राहीबाई, त्येची बायको.

ती भांडली न्हाई. कमरेची चंची सोडून घडी घातलेला कागद काढला आन् सांगितलं, चार दिस झालं तार येऊन. मास्तरांनी वाचून दाखवली. मानसिंग जखमी हाय, पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात आणलाय, लगोलग या. ती त्येला हुडकत दोन कारखान्यांवर हिंडली. कुठंच ट्रक न्हाई. पुणं तिनं कधी बघितलेलं न्हाई, भावकीतलं कुणी संग येईना. शेवटी एका गाडीवानानं सांगितलं, तुमचा ट्रक आष्ट्यात उभा हाय.

"मी चार दिस एकटी हुते," एवढं ती त्येच्याकडं बघून म्हणाली.

दुसरं दार उघडंच राहिलं. आतला पत्रा, काचेची दांडी, सगळं दिसत हुतं. तशीच गाडी गेली. अस्तर माझ्या हातात. अख्तरबी उंबऱ्यात उभी हुती, ती आत निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मला झोप येईना. तारखा मोजायचो. पयले पाच दिस त्येचे, बाकीचे सगळे माझे. तार आली त्या दिशी मी काय उसवत हुतो, ते बी आठवायचं.

शिमग्याच्या सुमाराला ट्रक परत आला. बापलेक दोघं. मानसिंग काठ्यांवर उतरला, उजवा पाय गुडघ्यापासनं न्हाई. मी त्येला खुर्ची दिली, जपून ठेवलेलं अस्तर काढलं आन् खाली मान घालून दाराला लावाय लागलो. लालासाहेब बिडीला काडी मागाय हाटेलात गेला, का मुद्दाम गेला, देव जाणे.

पोरगा म्हणाला, पाय कापायच्या आदल्या रात्री त्येनं सगळ्या नर्सांना सांगून ठेवलं हुतं, माझे आबा येतील, त्येनला आत सोडा. मग इचारलं, "आबा म्हणत्यात, गाडी तुमच्याकडं अडकली हुती. व्हय का?"

चाळीस वर्सांत माझा कापड कापताना हात चुकलेला न्हाई. पण मी म्हटलं, व्हय, चूक माझी. दोन्ही अस्तरं एकाच दाराच्या मापानं कापली, सगळं परत करावं लागलं, म्हणून गाडी सोडली न्हाई.

मानसिंगानं माझ्या हाताकडं बघितलं. बापासारखा त्यो बी पलटणीत ड्रायव्हर.

"चाचा," त्यो म्हणाला, "अस्तराबिगर बी ट्रक चालतो की."

मी स्क्रू आवळत राहिलो.