टाकीतला कापूस

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकलो. साहजिकच घरातले कोणी माझ्या गाडीत स्वखुशीने बसत नसे. अपवाद एकच, घाटंजीची माझी थोरली बहीण. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन यवतमाळला शुक्रवारी ठरले, तेव्हा भाचा टॅक्सी सांगायला निघाला होता. ती त्याला म्हणाली, "टॅक्सी कायले? माहा भाऊ येते ना गाडी घेऊन." इतका भरवसा माझ्यावर यापूर्वी कोणी टाकल्याचे मला आठवत नाही. आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी, गाडी बंद पडली.

बंद पडण्याची तिची रीतही छळवादी होती. तीन-चार किलोमीटर सुरळीत धावायची, मग आचके देत थांबायची, आणि पंधरा मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायची. यवतमाळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने प्रथम बोनेट उघडले आणि तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. आवारातल्या पाचही गाड्यांची बोनेटे अशीच उघडी होती. बाकावर आर्णीचा एक कापूस व्यापारी आपल्या गाडीची वाट पाहत बसला होता. तो मला समजावून सांगू लागला, "एकदा बोनेट उघडलं का गिऱ्हाईक कुठी जाते, सर? बसा निवांत."

मी बसलो. निवांत मात्र नव्हतो, कारण बिघाडाचे कारण मला बहुधा ठाऊक होते.

मागच्या रविवारी घाटंजीच्या पंपावर पेट्रोल भरून मी बहिणीकडे पोहोचलो, तर टाकीचे झाकण जागेवर नव्हते. "पंपावर जाऊन इचारून ये," ती म्हणाली. परत जाऊन विचारण्याच्या कल्पनेनेच मला संकोच वाटला. माझी चुळबूळ पाहून तिने पुढच्या खोलीत रचलेल्या, शेतातून आलेल्या कापसाच्या ढिगातून मूठभर कापूस उचलला, फडक्यात गुंडाळला आणि टाकीच्या तोंडात ठासून बसवला. दुसऱ्या दिवशी यवतमाळला नवे झाकण आणून मी तो बोळा ओढला, तेव्हा फडक्याची गाठ सुटलेली होती आणि निम्मा कापूस आत गेला होता.

हे मेकॅनिकला सांगायला हवे होते. मी वाक्यही मनाशी जुळवले होते: "एक गोष्ट आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते." परंतु तोंड उघडावे, तर त्याचा फोन वाजे किंवा कोणी नवे गिऱ्हाईक येऊन उभे राही. तीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. कार्य आणि कारण यांचा संबंध मला इतरांपेक्षा बरा कळायला हवा होता.

बुधवारी त्याने फिल्टर बदलला. "झाली सर, पळवा आता." गाडी नाक्यापर्यंत पळाली. गुरुवारी सकाळी त्याने निकाल दिला, "पेट्रोलचा पंपच गेला वाटते. नागपूरहून मागवा लागते. शनिवार धरून चाला."

शनिवार! मी उठून उभा राहिलो आणि जुळवलेले वाक्य साफ विसरलो.

"टाकीत कापूस आहे."

"काय हाय?"

"कापूस."

व्यापाऱ्याने मान वळवली. "लांब धाग्याचा का आखूड, सर?"

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "तीन दिवसांपासून तुम्ही इथं बसून राह्यले, अन् हे आता सांगून राह्यले?"

"तुम्ही विचारले नाहीत," मी म्हणालो. मला खरोखरच राग आला होता. कोणाचा, ते सांगता येत नाही.

"म्हंजे गाडी आली का मी इचारू, टाकीत कापूस टाकला काय म्हणून?"

मागची सीट काढून त्याने टाकीतला पंप वर घेतला. त्याच्या तळाच्या जाळीला पेट्रोलने भिजलेल्या कापसाचा जाड थर चिकटला होता. पंप अगदी ठणठणीत होता. संध्याकाळपर्यंत टाकी धुऊन झाली.

शुक्रवारी गाडी एकदाही अडखळली नाही. बहीण पिशवी घेऊन दारातच उभी होती. वाटेत मी तिला सगळे सांगितले. घाटंजीच्या त्याच पेट्रोल पंपाजवळ येताच ती म्हणाली, "थांबव."

"अगं, उशीर होईल."

"थांबव म्हन्लं ना!"

तिने काच खाली केली आणि अख्ख्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "माह्या भावाच्या टाकीचं झाकण राह्यलं काय रे इथं?"

पंपावरचा माणूस आत गेला आणि खणातून झाकण घेऊन आला. "केव्हाचं ठेवलं हाय, काकू. कोणी इचाराले आलंच नाई."

तिने ते पदराने पुसले आणि पिशवीत टाकले.

"चाल आता," ती म्हणाली. "डॉक्टर वाट पाहून राह्यला असन."