कूमारची मान

शारजाच्या खाडीवर दोर, खिळे आणि होड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात चंद्रहास पावसे एक्क्याऐंशीपासून कामाला होता. पण त्र्याण्णवच्या रमजाननंतर त्याला या नावाने हाक मारणारं माणूस शोधावं लागे. सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली व्हायची, एक पोरगा डोकं बाहेर काढायचा, मान लटलट हलवायचा आणि ओरडायचा, "कूमार! चाय, कूमार!"

कूमार हा टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला हिंदी, म्हणजे भारतीय, नोकर; तो चंद्रहास करायचा. दर रमजानात तो यायचा. ट्रे हातात, चहा सांडलेला, मान स्प्रिंगवर बसवल्यासारखी, आणि तोंडी मोडकी अरबी: "अना फी मालूम, अरबाब!" मला आहे माहीत, मालक. एवढ्या वाक्यावर अख्खं आखात नऊ वर्षं हसलं. मालिकेच्या शेवटी नटांची नावं यायची. चंद्रहासच्या जागी नुसतं 'कूमार' यायचं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्याने ते वाक्य नीट अरबीत म्हटलं होतं. दिग्दर्शकाने हात वर केला. "खलास, खलास! हिंदी माणूस असं बोलतो का? मोड. अजून मोड. आणि मान कुठाय तुझी?"

चंद्रहासने मोडलं. गावी कामगार नाट्यस्पर्धेत त्याने राजे केले होते, म्हातारे केले होते. नोकरही एक भूमिकाच, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढे समजावणंही थांबलं. भूमिका अंगातून उतरवून ठेवायला खुंटी लागते. ती त्याला सापडली नाही. दुकानात, भाजीवाल्यापाशी, घरी जेवताना, कोणी काही विचारलं की उत्तराआधी मान हलायची.

"अहो," गिरिजा म्हणायची, "भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं मी. हो का नाही?"

मान हलायची.

"बाहेरचा मान गेला तो गेला, निदान ही मान तरी जागेवर ठेवा."

तो हसायचा. पण मुलगी हसायची नाही. पर्णिका चौदा वर्षांची, शारजातच वाढलेली. रमजानात मालिकेचं संगीत सुरू झालं की ती पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायची. शाळेच्या बसमध्ये पोरं तिच्याकडे बघून माना हलवायची. "कूमार्स डॉटर" हे तिचं दुसरं नाव पडलं होतं. एकदा चंद्रहासने विचारलं, "एक भाग तरी बघ की गं बाबाचा." ती म्हणाली, "बाबा, प्लीज. दॅट्स नॉट यू. अँड इफ इट इज यू, दॅट्स वर्स."

ते वाक्य त्याच्यात गळासारखं रुतून बसलं. पुढे त्याला एवढंच हवं होतं: एकदा, फक्त एकदा, या पोरीने आपल्याला पडद्यावर मान वर करून बघावं.

दोन हजार दोनमध्ये मालिकेच्या सेटवर मैथा नावाची एक अमिराती विद्यार्थिनी काम शिकायला आली. जेवणाच्या सुट्टीत चंद्रहास दिव्यांवरच्या माणसाशी गप्पा मारत होता, नेहमीच्या त्याच्या अरबीत. मैथा येऊन समोर उभीच राहिली.

"हे शब्द कुठून आले तुझ्याकडे? असं माझे आजोबा बोलायचे. आता कोणीच बोलत नाही."

"आजोबा कोण?"

तिने नाव सांगितलं. चंद्रहासने हातातली रोटी खाली ठेवली. तो म्हातारा नोखदा! जहाजाचा तांडेल, समुद्रातून मोती काढायच्या काळातला. वीस वर्षांपूर्वी रोज दुपारी दुकानात येऊन बसायचा, आणि हर्णैहून आलेल्या या पोराला शब्द न् शब्द शिकवायचा. चंद्रहासचा बापही नाखवाच होता. नोखदा आणि नाखवा हे एकाच शब्दाचे दोन किनारे आहेत हे कळलं, तेव्हा म्हातारा गुडघ्यावर थाप मारून हसला होता.

महिन्याभराने मैथा एक पटकथा घेऊन आली. वीस मिनिटांची फिल्म. टीव्हीवाल्यांना मालिकेसाठी हिंदी माणूस हवा असतो. खराखुरा हिंदी माणूस येतो. त्याला सांगतात, तू पुरेसा हिंदी वाटत नाहीस. मग एका स्थानिक नटाच्या तोंडाला तपकिरी रंग फासून त्यालाच घेतात, आणि खऱ्या माणसाला ठेवतात कशाला? तर त्या नटाला मान हलवायला शिकवायला.

चंद्रहास वाचताना इतका हसला की दुकानातलं गिऱ्हाईक घाबरलं. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागला.

बातमी मालिकेच्या दिग्दर्शकापर्यंत पोचली. "हबीबी," तो गोड आवाजात म्हणाला, "त्या पोरीच्या खेळात दिसलास, तर यंदा रमजानात कूमार दुसरा असेल."

चंद्रहास नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याशी नीट अरबीत बोलला. "मग आत्तापासून शोधायला लागा."

शूटिंग एका रिकाम्या गोदामात होतं. गिरिजा कोथिंबीर वडीचा डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. पटकथेतला दिग्दर्शक विचारतो, "तुला काम जमेल?" चंद्रहासने नुसतं "जमेल" म्हणायचं होतं. स्थिर मानेने.

मान हलली.

पुन्हा घेतलं. हलली. आठव्यांदा हलली, अकराव्यांदा हलली. शब्द सरळ, आवाज सरळ, आणि वर ते डोकं, कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं डुलतंय. रंग फासलेला नटही हसायचा थांबला. चंद्रहासने दोन्ही हातांनी मानच धरली. म्हणजे इतकी वर्षं त्याने कूमारला नाचवलं नव्हतं. कूमारच त्याच्यात राहायला आला होता, आणि आता खोली सोडायला तयार नव्हता.

"उद्या करू," मैथा म्हणाली.

"उद्याही हलणार," कोपऱ्यातून गिरिजा हिंदीत म्हणाली. "तू इनको ऐसा कुछ पूछ, जिसमें मजाक नहीं चलता."

मैथा कॅमेऱ्याच्या बाजूला गेली आणि आजोबांच्या जाड, खारट आवाजात म्हणाली, "अरे चंद्र, हा दोर धरेल का?"

रोज दुपारी म्हातारा हेच विचारायचा; चंद्रहासनेच ते तिला सांगितलं होतं. आणि हर्णैच्या बंदरात बापही हेच विचारायचा. दोराच्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देत नाहीत. त्यावर माणसं समुद्रात जातात. हो म्हणायचं, नाहीतर नाही.

"धरेल," चंद्रहास म्हणाला.

मान जागच्या जागी होती. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शक झालेल्या समोरच्या नटाने प्रसंगावधान राखून पुढचं वाक्य टाकलं, "एवढी चांगली अरबी कुठे शिकलास रे तू?" पटकथेत यावर चंद्रहासने गप्प राहायचं होतं. पण म्हाताऱ्याचा आवाज अजून कानात होता. तो बोलून गेला, "तुझ्या आजोबांकडून. तू विसरलास, मी नाही विसरलो."

मैथा हळूच म्हणाली, "हेच राहील."

अबूधाबीला विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवल्या, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. मालिकेचा दिग्दर्शक तिसऱ्या रांगेत होता. पर्णिका आईच्या पलीकडे, हुडी ओढून बसली होती. पडद्यावर चंद्रहास दिसताच मागून आरोळी आली, "कूमार!" हशा झाला. पर्णिका खुर्चीत खाली सरकली. चंद्रहासला उठून जावंसं वाटलं.

मग तो रंगवलेला नट आला. घामाने त्याचा तपकिरी रंग कॉलरवर ओघळत होता, आणि खरा माणूस त्याला समजावत होता, "असं नाही हबीबी, जास्त हलली. आम्ही माणसं आहोत, पंखे नाही." हसू आलं, पण ते आता दुसऱ्या वाटेने आलं. आणि शेवटी तो आजोबांचा संवाद.

मागच्या रांगेत एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने काठी फरशीवर आपटली. "सदक! खरं बोलला!" आणि सभागृह फुटलं. लोक हसत होते, स्वतःला हसत होते, उभे राहून टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शकही उभा राहिला. सगळेच उभे म्हटल्यावर करतो काय.

त्या रमजानात त्याने खरोखरच एका स्थानिक नटाला रंग फासून कूमार केलं. लोकांना ती फिल्मच आठवायची. चार भागांनंतर कूमार सुट्टीवर गावी गेला, तो परत आला नाही.

पण त्या संध्याकाळी चंद्रहासचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. तो गिरिजाच्या पलीकडे बघत होता. पर्णिकाने हुडी मागे टाकली होती. पडद्यावर अरबीत नावं सरकत होती आणि ती ओठ हलवत वाचत होती. पहिलंच नाव. ती ताडकन उठली.

"बाबा! दे स्पेल्ट इट राँग!"

"काय झालं?"

"बावसे लिहिलंय! चंद्रहास बावसे!"

"अगं, त्यांच्यात प नसतो. असू दे. कूमार तर नाही ना लिहिलं."

"नो! असू दे काय?" ती रांगेतून लोकांचे पाय तुडवत निघालीसुद्धा. पुढे मैथाभोवती घोळका होता. तो दोन्ही हातांनी बाजूला सारून ती आत शिरली. तिचा आवाज, स्वच्छ अरबीतला, मागपर्यंत ऐकू आला: खाली तीन ठिपके दिले की प होतो, पावसे आहे ते, दुरुस्त करा, ते माझे वडील आहेत.

"ऐकलंत का?" गिरिजाने विचारलं.

"ऐकलं," चंद्रहास म्हणाला. मान हलली नाही.