मशीनमागचं विरजण

थंडीत आमच्या घरचं दही टीव्हीच्या कपाटात लागायचं. त्या कपाटात धाकट्या भावाचं गेम खेळायचं मशीन होतं, पहिल्या बनावटीचं, काळं आणि जाडजूड. गेम सुरू झाला की त्याचा पंखा घोंघावू लागे आणि मागच्या जाळीतून गरम हवा येई. एका थंडीत आईने विरजण लावलेला स्टीलचा डबा फडक्यात गुंडाळून त्या जाळीमागे सरकवला. भाऊ ओरडला, "आई, दूध सांडलं तर मशीन मरंल की!"

"मग नीट बसून खेळ. उड्या कशाला मारतोस?"

सकाळी वड्या पाडाव्यात असं दही लागलं होतं. भावाने डबा वीतभर लांब ठेवायची अट घातली आणि वाद मिटला. त्यानंतर थंडीत कामावरून आला की तो आधी विचारायचा, "दूध कोमट झालं का? लावू?"

मला खेळात रस नव्हता. मी त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसायची. पडद्यावरची नजर न काढता तो मला समजावून सांगे. "आक्का, चिपवरची नक्षी जेवढी बारीक, तेवढी वीज कमी लागती. नवी पिढी येती तवा नुसता ताप असतोय. मग दोन-तीन वर्षांनी तीच चिप बारीक करत्यात आणि तेच मशीन गार चालतंय." गल्लीतल्या त्याच्या मित्राकडे दुसऱ्या कंपनीचं मशीन होतं. कुठलं भारी, यावरून दोघं कट्ट्यावर आवाज चढवून भांडत. घरी आल्यावर भाऊ हसत म्हणे, "दोघांच्याबी चिपा तैवानातल्या एकाच कारखान्यातनं येत्यात. दोन तालमींनी एकाच गवळ्याचं दूध प्यायचं आणि आखाड्यात एकमेकास्नी पाडायचं, तसं हाय बघ."

पुढे त्याच मशीनचं सडपातळ मॉडेल आलं. चिप बारीक, आकार लहान, आवाज जवळजवळ नाहीच. मित्राने डिवचलं, "अजून गिरणच चालवतोयस व्हय रं?" भाऊ दुकानात जाऊन ते हातात घेऊन बघून आला. घेतलं मात्र नाही. "त्येच्यावर दही न्हाय लागायचं," एवढंच म्हणाला.

गेल्या पावसाळ्यात अल्पशा आजाराने तो गेला.

थंडी आली तेव्हा आई डेअरीतून पिशवीतलं दही आणू लागली. कपाट बंदच होतं. मी संध्याकाळी पुस्तक उघडून बसे आणि तेच पान पुन्हा वाचत राही. चिपांचा विषय सोडला तर तो घरात फारसा बोलायचा नाही. तो घरात आहे हे मला कळायचं ते पंख्याच्या आवाजाने. शेवटी मी कपाट उघडून मशीन लावून बघितलं. ते सुरू होऊन लगेच बंद पडत होतं, म्हणून पिशवीत घालून राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"चिपचा ताप वढून घेणारी आतली पेस्ट वाळलीया, बदलून देतो," तो म्हणाला. "पण जुनी चिप हाय ताई, तापणारच. किती दिवस काढंल, सांगता येत न्हाय. त्यापरास बारकं मॉडेल घ्या की. ह्यातलं सगळं त्यात भरून देतो. एकदम गार चालतंय."

"मला गार नकोय," मी म्हणाले. तो स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला.

त्या संध्याकाळी मशीन लावलं. आई दूध कोमट करून डबा घेऊन आली. पडद्यावर खेळांची यादी दिसत होती, ती मी तशीच राहू दिली. सकाळी डब्यात दूधच होतं.

"नुसतं लावून ठिवल्यावर कुठं तापतंय ते? खेळाय लागतंय," आई म्हणाली.

ते मलाही माहीत होतं. चिपला काम पडल्याशिवाय ऊब नाही. पण खेळायचं म्हणजे भावाचा गेम उघडायचा. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने तो जिथे सोडला, तिथेच तो थांबलेला होता. पाऊल पुढे टाकलं की मशीन आपणहून नवी जागा नोंदवून घेतं आणि जुनी पुसतं. त्याने सोडलेली जागा माझ्या हातून पुसली गेली असती. दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं.

संध्याकाळी मी गेम उघडला. एक वाटसरू डोंगरमाथ्यावर उंच गवतात उभा होता, पाठमोरा. जोतिबाच्या डोंगरावरून दिसावी तशी खाली दरी, दूरवर नदी. एवढं वर त्याला भावानेच आणलं होतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि एकही बटण दाबलं नाही. वारा सुटला होता. गवताचं पान न्‌ पान हलत होतं, आणि ते हलवता हलवता जुनी चिप कामाला लागली. पंखा आधी कुजबुजला, मग घोंघावू लागला.

आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. मग तिने डबा वीतभर अंतर सोडून जाळीमागे ठेवला आणि कपाटाला लागून माझ्याशेजारी खाली बसली.

"पुढं न्हेत न्हाईस त्याला?"

"नको."

"बरं. ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. तिचा हात डब्यावर होता. बराच वेळ आम्ही त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत बसलो.

"तापलं," आई म्हणाली.